आंब्याखाली थांबलेलं गाणं

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

गौतमचा फोन. तिसरीला वजाबाकी शिकवत होते, दोनदा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मनात आलं, नक्की कुणीतरी गेलं. व्हरांड्यात जाऊन घेतला तर पठ्ठ्या हसतोय!

म्हणाला, "सुनिता, अपना गाना हिट हो गया."

कुठलं गाणं? "आपलं एकच तर आहे. पेरूमध्ये जोरात चालू आहे. पेरू म्हणजे देश हां, फळ नाय. मी पण आधी बघून घेतलं."

मी म्हटलं, पोरं दंगा करतायत, आणि फोन ठेवला. पुढच्या गणितात हातचा घ्यायचा विसरले. पोरांनीच दाखवून दिलं.

१३ फेब्रुवारी

खरं आहे. गौतमने व्हिडिओ पाठवला. चारी बाजूंनी बोडके डोंगर, मध्ये मैदान, लग्न चाललंय. बायकांच्या डोक्यावर टोप्या, अंगावर घेरदार घागरे. नवरीला मध्ये घेऊन त्या गोल फिरतायत. आणि वर माझा आवाज — बावीस वर्षांची मी! "ओहळ आला, पाणी पी गं…"

सिल्वासाला आमच्या दोनच व्हीसीडी खपल्या होत्या. एक गौतमच्या मामाने घेतलेली. दुसरी ज्याने घेतली त्याने कधीतरी ते गाणं नेटवर टाकलं. तिकडच्या एका लग्नातल्या बँडवाल्याला ते सापडलं, त्याने आपल्या बासऱ्यांवर वाजवलं, लोकांना आवडलं, मग लोकांनी मूळ गाणं शोधून काढलं. आता तिथे एसटीत पण लागतं म्हणे. बाकी जगात कुठेही नाही. शेजारच्या देशातसुद्धा नाही. फक्त तिथेच.

रोहिदासला दाखवलं. पंचायत समितीतून दमून आला होता, चहाचा कप हातात. पूर्ण बघितलं आणि म्हणाला, "पिकतं तिथं विकत नाही, ते हे." मग माझ्याकडे बघून मोबाईल हळूच परत दिला. नवऱ्याला माहीत आहे सगळं. इथे कोणाला माहीत नाही?

१६ फेब्रुवारी, रविवार

हर्षाली विचारत होती, आई तू गायचीस? चौदा वर्षांची पोरगी, आणि तिला आईचा आवाज मोबाईलवर ऐकावा लागला. तिला मी अर्धंच सांगितलं. इथे पुरं लिहिते.

आमचं घर सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर. बा — ढवळू — मयताच्या दिवसाला घांगळी घेऊन बसायचा. दोन भोपळ्यांवर ताणलेली ती तार, आणि त्याचा तो खालच्या पट्टीतला आवाज. गेलेल्या माणसाला तो वाटेला लावायचा. वाट म्हणजे खरीच वाट. ओहळ आला, पाणी पी. चढण आली, दम घे. आंबा आला, सावलीला बस. मग शेवटचं कडवं — त्यात दार येतं, आणि माणूस पार होतो.

हे आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं. दिवसाच्या ठिकाणी बा मला कधी फिरकू द्यायचा नाही, मोठी झाले तरी नाही. दुसऱ्या पोरी आयांबरोबर जायच्या, मी घरी. मला ते गाणं माहीत होतं ते झोळीतलं. मला झोपवताना बा रोज तेच म्हणायचा. ओहळ, चढण, आंबा. आंब्यापाशी गाणं थांबायचं. मला वाटायचं, संपलं. माझ्यासाठी ते अंगाईगीत होतं!

जव्हारला डीएड करताना गौतम भेटला. तो लग्नांत बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. तेव्हा ज्याच्या त्याच्या डोक्यात व्हीसीडी काढायचं वेड होतं. मी त्याला ती चाल ऐकवली, तो उडालाच. त्याने खाली धडधड टाकली, मी शब्द फिरवले — नवरी सासरी निघाली, ओहळ आला, पाणी पी, चढण आली, दम घे, आंबा आला, बस जरा. नाशिकला जाऊन रेकॉर्ड केलं. बाला सांगितलं नाही. त्याला अचानक ऐकवायचं होतं. केवढा आनंद होईल, असं मनात.

मग खोडाळ्याचं लग्न. रंगूआत्याच्या धाकट्या मुलाचं — ती हाकेपुरती आत्या, रक्ताची नाही. सगळा मुलूख जमलेला. गौतमने गाणं लावलं. कमरेत हात घालून बायांचा फेर सुरू झाला. पहिल्या ओळीलाच म्हाताऱ्यांचे हात सुटायला लागले. मला कळेना. चढण येईपर्यंत फेरात फक्त पोरीच उरल्या. आणि आंब्यापाशी गाणं संपलं तशी रंगूआत्या मातीत बसली. तिचा मोठा मुलगा वर्षभरापूर्वी गेला होता. त्याच्या दिवसाला बानेच गायलं होतं. ती ओरडली, "माझ्या पोराला आंब्याखाली बसवून ठेवलाय. आता त्याला कोन नेनार?"

मांडवातली म्हातारी माणसं बाभोवती गोळा झाली. ढवळू, सुरू झाला तो पुरा कर. आत्ताच, इथेच. पोरीला पुढ्यात बसव. तिने तोडला, तिच्यासमोर जोड, दोष निघून जाईल. मलासुद्धा वाटलं, म्हणून टाक बाबा, सुटू दे मला यातून. मी त्याच्या पुढ्यात जाऊन बसले पण.

बाने माझ्याकडे बघितलं. उठला. आणि चालत निघून गेला. भर मांडवात मला एकटीला टाकून.

त्यानंतर गाणं कुठेच चाललं नाही. जव्हारच्या दुकानदाराने खोकी परत दिली. गौतम नाशिक, वापी, भिवंडी फिरला, तिथे कोणी हुंगलं नाही. मी शिक्षिका झाले, लग्न होऊन इथे खोडाळ्यालाच राहिले. दिवसाला बाला बोलावणं बंद झालं, दाभोशाकडून दुसरा माणूस येतो. घांगळी आढ्याला लटकते आहे. आणि बा आणि मी? पाऊस, नागली, हर्षालीचा अभ्यास — सगळं बोलतो. ते सोडून.

२२ फेब्रुवारी

गौतम कमेंट्सचं भाषांतर करून पाठवतो. मोबाईलच करतो भाषांतर, त्यामुळे काही अगदीच विचित्र येतात. "या मावशीच्या घशात मेंढी आहे" — ही स्तुती आहे का, गौतमलाही कळलं नाही. पण एकीने लिहिलंय, "माझी आजी अशीच गायची, तिलाही लग्नात रडू यायचं." ती वाचून मी मोबाईल उलटा ठेवला.

निम्मेजण एकच विचारतात. नवरीला झाडाखाली का सोडलं? ती पुढे पोचली का?

सोमवारी दुसरीची कविता आहे. चालीत म्हणायची असते. माझी पद्धत ठरलेली आहे — पोरं म्हणतात, मी टाळ्या वाजवते. इतक्या वर्षांत एकाही मुख्याध्यापकाच्या लक्षात आलेलं नाही.

२७ फेब्रुवारी

गौतम जव्हारहून मोटारसायकलवर आला. दुपारी मोबाईलचं दुकान बंद ठेवून! म्हणजे गोष्ट मोठी.

तिकडच्या बँडवाल्याचा निरोप आहे. गाण्याचा पुढचा भाग हवाय. आंब्याच्या पुढचा. त्यांच्याकडे जूनमध्ये मोठी जत्रा असते, तिथे वाजवायचंय. नाशिकच्या स्टुडिओचा खर्च ते देणार. आवाज माझाच पाहिजे. "त्यांना दुसरी बाई नको. बोलते हैं, वही चाहिए, झाडवाली."

मी म्हटलं, पुढचा भाग माझ्याकडे नाही. तो बाच्याकडे आहे.

"मग माग ना बाबाकडून."

किती सोपं! माग ना. मी त्याला चहा दिला, भाकरी दिली, वाल दिले, आणि रस्त्याला लावलं.

इथे खरं लिहायला कोणाची भीती? मला जायचंय. मला परत काचेच्या त्या खोलीत उभं राहायचंय, कानाला ते मोठे हेडफोन लावून. अडतिसाव्या वर्षी अशी इच्छा होते याची लाज वाटते, पण होते. संध्याकाळी नळाला पाणी भरताना तोंडातून एक ओळ निघाली. घसा गंजलाय. वरचा सूर लागलाच नाही.

४ मार्च

बाजारात रंगूआत्या भेटली. वाळलेल्या मासळीच्या ओळीत. एरवी ती मला बघून वाट बदलते, आज बदलली नाही. किती वाकलीये.

म्हणाली, "तुझा गाना परत वाजतो म्हने. आमच्या नातवाच्या मोबाइलवर होता."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात केला. "राग नाय गं आता. पन आयकला का तो बसलेला दिसतो. आंब्याखाली. दिवसाला तुझ्या बापानं पुरा म्हटला होता, माना ठाव हाय. तरी दिसतो. तू बापाकडून पुरा करून घे ना, बाय. माझा डोळा मिटायच्या आधी."

बोंबील घ्यायचे राहिले. घरी आल्यावर रोहिदास म्हणाला, आता तर विचारायलाच हवं. पेरूवाल्यांसाठी नको, म्हातारीसाठी विचार.

९ मार्च, रविवार

सूर्यमाळला जाऊन आले. विचारलं नाही.

जीप पाड्याच्या खालीच थांबते, वर चालत. टँकर येणार होता म्हणून सगळ्या बाया विहिरीपाशी हंडे मांडून बसलेल्या, त्यात माझी आई, आयसही. टँकर विहिरीत पाणी सोडतो, मग एकच झुंबड. मीही पदर खोचून घुसले. मास्तरीण झाले म्हणून काय झालं, हंडा अजून डोक्यावर टिकतो. आयस तेवढ्यावर खूश.

बा ओट्यावर बांबूच्या कामट्या काढत होता, कणगी विणायची म्हणून. हात थरथरतात, पण कामट्या एकसारख्या. मी शेजारी बसले. आत आढ्याकडे बघितलं तर घांगळी तिथेच, पण तिच्यावर धूळ नाही! कोण पुसतं? आयसचा हात तिथे पोचत नाही.

हर्षालीचे मार्क सांगितले. पाण्याचं बोललो. निघताना बाने मोहाची फुलं बांधून दिली. "पोरीला दे," म्हणाला. सगळा डोंगर उतरेपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

१४ मार्च, शुक्रवार

काल होळीला सगळे सूर्यमाळला. पाड्याची होळी पेटली, ढोल झाला, हर्षाली पोरींबरोबर नाचली. आज सकाळी राख कपाळाला लावून सगळे बसले होते. बाचा मूड चांगला दिसला. म्हणून विचारलं.

आधी पेरूचं सांगितलं. तो हसला — "झाडाचा पेरू?" मोबाईलवर ते लग्न दाखवलं. त्याने मोबाईल लांब धरून, डोळे बारीक करून बघितलं. नवरी मध्ये, भोवती फेर, माझा आवाज. ओहळ झाला, चढण झाली. आंबा आला, गाणं थांबलं, तशी त्या बाया हसल्या आणि परत पहिल्यापासून सुरू. बाने मला मोबाईल परत दिला. चेहऱ्यावरून काही कळेना.

मी म्हटलं, "बा, आंब्याच्या पुढचं कडवं मला दे."

तो म्हणाला, "आंब्यापावत हाय, तो बरा हाय."

मी रंगूआत्याचं सांगितलं. ती काय म्हणाली तेही. तो ऐकत होता. मग पुन्हा तेच. "तुझ्या कामाचा नाय तो."

आणि मग माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, एवढा राग? अजून? मला काय माहीत होतं, तूच ते झोपवताना म्हणायचास! मयताचं गाणं पोराला कोण म्हणतं? आणि मांडवात सगळे सांगत होते, दोन ओळी म्हणाला असतास तर माझं सगळं सुटलं असतं. टाकून गेलास मला. आजही टाकतोयस.

आयस म्हणाली, "बाय, गप." रोहिदास उठून बाहेर गेला. बा उठला. कोयता घेतला आणि मोहाकडे निघून गेला. तसाच, मांडवातून गेला होता तसाच. पाठ बघितली आणि मला एकाच वेळी दगड मारावासा आणि रडावंसं वाटलं.



१५ मार्च

आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला सांगणार?

२३ मार्च, रविवार

गौतमला नाही म्हणून सांगितलं. त्याने सुचवलं, तू स्वतःच एक कडवं रच ना, तिकडे कोणाला कळतंय? बसून बघितलं. चार ओळी केल्या. नवरी उठली, सासरचं दार आलं, आत गेली. शब्द ठीक होते. म्हणून बघायला गेले तर अंगावर काटा आला. कसला, ते सांगता येत नाही. कागद चुलीत घातला.

गौतम चिडला नाही. नुसता म्हणाला, "चल, ठीक आहे. तेवढाच नशीब." त्याचेही केस पिकलेत. माझ्यापेक्षा जास्त आशा त्यानेच धरली होती.

३० मार्च

गुढीपाडवा. दर वर्षी सूर्यमाळला जातो. या वेळी गेले नाही. श्रीखंडाचा डबा रोहिदासकडे दिला. तो परत आल्यावर विचारलं, बा काय म्हणाला? "इचारत होता, फागून सरला, पोर कशी नाय आली."

१३ एप्रिल, रविवार

गंमत झाली. खरं तर गंमत नाही.

तिकडच्यांनी वाट न बघता त्यांच्या एका गायिकेकडून गाणं पुरं करून घेतलं. त्यांचं त्यांनीच कडवं रचलं — नवरा येतो, तिला झाडाखालून उठवतो, दोघं नाचत घरी जातात. मोठा बँड, दिवे, धूर. गौतमने पाठवलं. चांगली गाते बाई.

आणि पडलं! तिकडेच पडलं. लोक म्हणतात, हे नको, आम्हाला ते अर्धंच द्या. ते संपत नाही म्हणून तर आम्ही परत परत लावतो, रात्रभर फेर चालतो. एका म्हाताऱ्याने लिहिलंय, "पोचली की नाचणं संपलं. तिला बसू द्या."

आमच्याकडे अर्धं म्हणून बुडालं, तिकडे पुरं केलं म्हणून बुडालं. रोहिदास इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी. मग भांडी घासताना आठवलं की जत्रेला मी उभी राहणार होते, निदान आवाजाने तरी. हसू गेलं.

२६ एप्रिल, शनिवार

लिहितेय, पण रागाने.

बाजारात रंगूआत्याने हाक मारली. स्वतःहून जवळ आली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. म्हणाली, "झाला गं, बाय. आता नाय दिसत तो. तुझा बा येऊन गेला."

कधी? गेल्या आठवड्यात. दुपारचा, मी शाळेत असताना. पाड्यावरून जीपने आला, घांगळी कापडात गुंडाळून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आढ्यावरून काढली! तिच्या घरात दार लावून बसला. पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. दारापर्यंत. "आवाज गेलाय त्याचा, पन पुरा म्हटला. पानी पन नाय घेतला वाटेत." आणि निघताना तिला बजावून गेला — सुनिताच्या घरी नाय जात मी, तिला आत्ता सांगू नको.

म्हणजे खोडाळ्याला आला. माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. माझ्या दारावरून गेला असेल. रंगूआत्याला दिलं, मला नाही. परक्या बाईला दिलं.

तिच्यासाठी बरं वाटलं, हे खोटं नाही. तिचा चेहराच बदललाय. पण मी बापाची कोण? त्याला गाता येतं, गायचंही आहे, माझ्यासमोर तेवढं तोंड बंद. रोहिदासला सांगितलं की मी आता सूर्यमाळची वाट धरणार नाही. सुट्टीतही नाही. तो म्हणाला, रागात पाय कापून घेऊ नकोस. मी म्हटलं, पाय माझे आहेत.

२ मे

शाळेला सुट्टी लागली. हर्षाली म्हणते, आजीकडे कधी? मी कपाट आवरायला काढलं.

४ मे, रविवार

आज आयस आली. एकटी, पहिल्या जीपने. कधी येत नाही. चहासुद्धा घेतला नाही, आधी बोलली.

"तो सांगनार नाय. बोलला का त्याचा गुन जातो, असा त्याचा म्हनना. मी काय वचन दिला नाय, मी सांगते. तुझ्या आधी दोन झाली. एक पोर, एक पोरगी. दोघा झोळीतच गेली. दोघांना त्यानंच पुरा म्हटला, दारापावत. मग तू झालीस. तं रोज रातीला तुला पन तोच म्हनायचा, पन आंब्यापावत. म्हने, जिला वाटेला लावली तिला न्यायला परत कोन येतो? आंब्याखाली बसवली तुला. पुढला कडवा तुझ्या कानावर पडू द्यायचा नाय, बस. मांडवात सगळी म्हनत होती, पोरीसमोर पुरा कर. कसा करल तो?"

मी थोरली नाही. मला आजवर वाटत होतं, मी पहिली.

किती वर्षं गेली. सगळी त्याच्या पाठीकडे रागाने बघण्यात गेली.

आयसला जेवायला वाढलं. हर्षालीला म्हटलं, कपडे भर, संध्याकाळच्या जीपने आपण तिघी वर जातोय. मग गौतमला फोन लावला. म्हटलं, तिकडे कळव त्यांना. गाणं तेवढंच आहे.